जमिनीच्या हिशेबावर उभे राहिलेले शहर

शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे आपल्या सिडकोची, नोंदणी १७ मार्च १९७० रोजी झाली ती कंपनी कायद्याखाली, सिकॉम या राज्याच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाची उपकंपनी म्हणून. शासनाने भागभांडवल दिले ३ कोटी ९५ लाख रुपये. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये नवी मुंबईसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून तिची नेमणूक झाली आणि ३४४ चौरस किलोमीटरचा मुलूख तिच्या हवाली करण्यात आला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे मुंबईचे मूळ बेट या मुलखात पाच वेळा बसेल. खिशात चार कोटीही नाहीत आणि आखायचे आहे पाच बेटांएवढे शहर. सिडकोच्या पुढच्या पंचावन्न वर्षांतले बरेवाईट बरेचसे या विषम हिशेबातूनच निघाले आहे.

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा अध्यक्षांच्या नावांनी सुरू होतो आणि उद्घाटनांच्या छायाचित्रांनी संपतो. सिडकोचाही तसा लिहिता येईल; उद्घाटनांची टंचाई तिला कधी नव्हती. पण नारळ कोणी फोडला यापेक्षा पैसा कुठून आला, जमीन कोणाची गेली आणि आखलेल्यापैकी काय झालेच नाही, हे विचारले की या संस्थेचा स्वभाव लवकर कळतो. म्हणून इथे काही वर्षांवर जास्त रेंगाळलो आहोत आणि काही नुसती ओलांडली आहेत.

मुंबईचे दुखणे जुनेच होते. १९६१च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती साडेएकेचाळीस लाख होती, १९७१मध्ये ती साठ लाखांना टेकली. कचेऱ्या, बँका, गोदी, घाऊक बाजार सगळे दक्षिण टोकाला आणि राहणारे उत्तरेकडे लांब लांब सरकत चाललेले. सदाशिव गोविंद बर्वे यांच्या समितीने १९५९मध्येच ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडच्या बाजूला वाढ न्यावी असे सुचवले होते. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६च्या अहवालात प्रदेशाचा एकत्रित विचार मांडला, त्याच वर्षी प्रादेशिक व नगररचना कायदा झाला आणि १९६७मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी नियोजन मंडळ बसले. समित्यांच्या बाबतीत महाराष्ट्र कधीच मागे नव्हता.

कल्पनेला धार मात्र सरकारी टेबलावर आली नाही. १९६४मध्ये मुंबई महापालिकेने विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता, तसेच स्थापत्य अभियंते शिरीष पटेल या तिघांनी त्यावर हरकत घेतली. केम्प्स कॉर्नरचा, देशातला पहिला म्हणून ओळखला जाणारा उड्डाणपूल पटेलांच्याच आरेखनाचा. तो १९६५मध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे हे तिघे तिशी-चाळिशीतले असले तरी हवेत किल्ले बांधणारे नव्हते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की शहराला उत्तरेकडे आणखी ताणत बसू नका, पूर्वेला खाडी ओलांडा. आणि नुसती घरे नेऊ नका, रोजगार न्या. सरकारने स्वतःचा कारभार पलीकडे हलवला तर बाकीचे मागून येतील. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ नियतकालिकाने १९६५मध्ये याच विषयावर विशेषांक काढला आणि बाहेरच्या माणसांची एक हरकत राज्यभर चर्चेचा विषय झाली.

वसंतराव नाईक यांच्या सरकारने ही कल्पना उचलली. हरकत घेणाऱ्यांना सरकार सहसा पोचपावती देते; इथे त्यांना खुर्च्या दिल्या. पटेल सिडकोत नियोजन व बांधकामाचे संचालक झाले, कोरिया मुख्य वास्तुरचनाकार. आणि या सगळ्यांच्या वर पहिले व्यवस्थापकीय संचालक म्हणून आले जोसेफ बेन डिसोझा.

जे. बी. डिसोझा हे भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी. मुंबईचे महापालिका आयुक्तपद आणि राज्याचे मुख्य सचिवपद ही दोन्ही पदे त्यांनी सांभाळली. सरकारी नोकरीतल्या आठवणींचे त्यांचे पुस्तक २००२मध्ये आले, ‘नो ट्रम्पेट्स ऑर बगल्स’ या नावाचे, आणि उपशीर्षकात त्यांनी स्वतःला पश्चात्ताप न झालेला बाबू म्हणवून घेतले आहे. नवी मुंबईच्या गोष्टीत कोरियांचे नाव पहिले घेतले जाते आणि ते योग्यच आहे, पण आमच्या मते डिसोझांचे श्रेय वेगळ्या जागी आहे. मुंबईची महापालिका आतून पाहिलेल्या माणसाला शहर म्हणजे नकाशा नसतो. नळाचे पाणी, मैलावाहिनी, कर, दुरुस्तीचा खर्च आणि रोज येणारी तक्रार असते. अशा माणसाच्या हाताखाली एक स्वप्नाळू वास्तुरचनाकार आणि एक हिशेबी अभियंता बसले, हा योग नंतरच्या काळात पुन्हा जुळून आला नाही.

त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न पैशाचा होता. राज्याच्या अर्थसंकल्पातून शहर बांधायचे म्हटले तर दरवर्षी मंत्रालयात हात पसरावे लागणार. म्हणून उत्तर शोधले गेले ते जमिनीत. शेतीची, मिठागराची, खाजणाची जमीन संपादनाच्या दराने घ्यायची. तिच्यावर भराव, रस्ते, पाणी, गटारे, वीज यांवर खर्च करायचा. या खर्चामुळे आणि शहर येणार या भरवशामुळे जी किंमत वाढते ती दलालाच्या खिशात न जाता महामंडळाकडे यायची आणि तिच्यातून पुढचा टप्पा बांधायचा. दर ठरवताना प्रत्येक नोडची, म्हणजे शहराच्या प्रत्येक स्वतंत्र भागाची, सरासरी राखीव किंमत काढायची. दुर्बल घटकांची घरे, शाळा, दवाखाने यांना त्या किमतीपेक्षा कमी दर लावायचा आणि व्यापारी भूखंड निविदा काढून जास्तीत जास्त दराला द्यायचे. बाजारपेठेतल्या दुकानदाराने दोन खोल्यांच्या घराचा भार थोडा उचलायचा, असा हा मामला. सिडकोचे अधिकारी बदलले, धोरणे बदलली, सरकारे तर किती बदलली. हे गणित मात्र आजही तेच आहे.

आखणीही या गणिताला धरूनच होती. एकच मोठे केंद्र न करता वाहतुकीच्या मार्गावर ओळीने नोड ठेवायचे, प्रत्येकात एक-दोन लाख वस्ती, स्वतःची शाळा, बाजार, दवाखाना आणि मध्ये मोकळी जागा. विकास आराखड्याचा मसुदा १९७३मध्ये प्रसिद्ध झाला. शासनाची मंजुरी यायला १९७९ उजाडले. दरम्यान काम थांबले नव्हते, कारण वाशीचा रस्तापूल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच सुरू झाला होता आणि त्याच्या पूर्वेच्या तोंडाशी पहिला नोड उभा राहू लागला होता.

या कामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. नोडसाठी निवडलेली बरीच जमीन भरतीच्या पातळीच्या खाली होती. सगळीकडे उंच भराव टाकायचा तर खर्चाने कंबरडे मोडले असते. मग धारण तलावांची योजना झाली. रहिवासी त्यांना होल्डिंग पाँडच म्हणतात. पावसाचे पाणी नाल्यांतून या तलावात येते. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा असतात. भरती चढली की खाडीचे पाणी झडप दाबून बंद करते, पावसाचे पाणी आत थांबते; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि तलाव रिकामा होऊ लागतो. ना पंप लागतो, ना माणूस. परदेशी तंत्र म्हणून याचे कौतुक होते, पण खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी ठेवून हेच काम इथला आगरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला होता. ज्याच्या शेताच्या उघाड्या बुजवल्या गेल्या त्याच्याच जमिनीवर तेच तत्त्व काँक्रीटमध्ये पुन्हा बांधले गेले. वाशीचे मिनी सीशोअर आणि नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई इथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. आता या तलावांत गाळ साचला आहे, त्यात खारफुटी उगवली आहे, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढायचा तर परवानग्यांच्या फेऱ्या आल्या.

शेतकऱ्याचा विषय निघालाच आहे. सुरुवातीला ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ८६ गावे योजनेत घेतली गेली, नंतर ती ९५ झाली. आगरी, कोळी, कराडी समाजाची ही गावे. खाजणातली भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी. संपादन १८९४च्या भूसंपादन कायद्याने झाले. त्या कायद्यात मोबदला ठरतो तो अधिसूचनेच्या तारखेच्या भावाने. अधिसूचना निघाल्या १९७०च्या आसपास, प्रत्यक्ष ताबे आणि निवाडे पुढे वर्षानुवर्षे चालले, आणि तोवर शेजारच्या सेक्टरमधल्या भूखंडाचा भाव कुठल्या कुठे गेला. शहर स्वतःचा खर्च स्वतः काढते हे सिडकोचे अभिमानाचे वाक्य आहे आणि ते खोटे नाही. पण त्या वाक्यात कर्ता अर्धाच आहे. पहिला हप्ता या गावांनी भरला होता, आणि तोही त्यांना न विचारता.

ही ठिणगी पेटली जानेवारी १९८४मध्ये. जासईचे सुपुत्र, शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ तारखेला जासई-नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. महामंडळाच्या इतिहासात यापेक्षा जास्त परिणाम करणारी घटना नाही; कोणत्याही पुलाचे किंवा स्थानकाचे उद्घाटन तिच्या जवळपासही येत नाही. या लढ्यातूनच पुढे नव्वदच्या दशकात साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राइतका विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत द्यायचा, असे तिचे तत्त्व. सामाजिक सुविधांसाठी त्यातले तीस टक्के वजा होतात, त्यामुळे हातात पडतात पावणेनऊ टक्के. तरीही वाढलेल्या किमतीत मूळ मालकाला वाटा मिळाला पाहिजे हे सरकारने मान्य केले, आणि भूसंपादनाच्या आपल्याकडच्या इतिहासात हे थोडेथोडके नव्हते. योजनेची अंमलबजावणी रेंगाळली. वारसांची भांडणे, दाखल्यांसाठी खेटे, भूखंड हाती येण्याआधीच तो विकत घेणारे लोक, हे सगळे त्यात आले. गावठाणात कुटुंबे वाढली तशी लोकांनी लागूनच्या जागेत घरे चढवली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे त्यांचे नाव सरकारी कागदातही पडले, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न नंतरच्या जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत उभा राहत आला.

आता जे झाले नाही त्याबद्दल. संपूर्ण योजनेचा कणा होता सरकारने पलीकडे जाणे. मंत्रालय, विधानमंडळ, त्यांच्या मागे बँका आणि कंपन्या बेलापूरला जातील आणि मुंबईच्या दक्षिण टोकाची गर्दी हटेल, अशी अटकळ होती. प्रत्यक्षात त्याच सुमारास बॅकबेचा भराव पडत होता आणि नरिमन पॉइंटला मजल्यावर मजले चढत होते. ज्या सरकारने एका हाताने नवे शहर मांडले त्यानेच दुसऱ्या हाताने जुन्या शहरात कचेऱ्यांना नवी जागा करून दिली. बेलापूरला कोकण भवन झाले, विभागीय कार्यालये आली; मंत्रालय जागचे हलले नाही. मंत्र्यांना कुलाबा-मलबार हिल सोडून खाडीपलीकडे राहायला जायचे नव्हते, एवढे साधे कारण त्यामागे असावे असे आम्हाला वाटते. कोरिया १९७४मध्ये बाहेर पडले, पटेलही फार काळ राहिले नाहीत, आणि दशकाच्या मध्यापर्यंत पहिली फळी पांगली. सिडकोचे नोंदणीकृत कार्यालय आजही नरिमन पॉइंटला, निर्मल इमारतीत आहे. यावर अधिक काय बोलावे!

सरकार आले नाही तेव्हा बाजार आला. मसजिद बंदर, भायखळा इथले कांदा-बटाटा, मसाले, धान्य, भाजी-फळांचे घाऊक व्यवहार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात हलले, कर्नाक बंदरचा लोखंड बाजार कळंबोलीला गेला. व्यापाऱ्यांनी शेवटपर्यंत पाय ओढले. बाजाराबरोबर माथाडी कामगार आले, त्यांच्यासाठी घरे बांधावी लागली, आणि सातारा-पुण्याकडच्या गावांशी नाळ असलेली एक मोठी वस्ती कोपरखैरणे-घणसोलीत रुजली. कोरियांच्या कल्पनेतल्या सचिवालयाऐवजी पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाने या शहराला पहिला भक्कम पाया दिला, हे नोंदवून ठेवायला हवे. १९८९मध्ये न्हावा-शेवा इथले जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरच्या रांगांनी उरण रस्त्याचे रूपच पालटले.

वाहतुकीच्या बाबतीत सुरुवातीची वर्षे हलाखीची गेली. सिडकोने बीएमटीसी नावाची स्वतःची बससेवा चालवून पाहिली, ती १९८४मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे अनेक वर्षे लोंबकळत राहिला. खाडीपलीकडे घर घेतलेल्या माणसाला मुंबईत वेळेवर पोहोचणे म्हणजे रोजची परीक्षा. यावर उत्तर एकच होते, रेल्वे; पण शहर नाही तर प्रवासी नाहीत आणि प्रवासी नाहीत तर रेल्वे कशाला, या चक्रात काम अडकले होते. ते फोडले सिडकोने स्वतःच्या पैशाने. मानखुर्द-वाशी मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा महामंडळाने उचलला, उरलेला रेल्वेने. राज्य सरकारच्या एका कंपनीने केंद्राच्या रेल्वेसाठी एवढी गुंतवणूक करावी हे तेव्हा नवलाचेच होते. वसुलीसाठी तिकिटावर अधिभार बसवला आणि स्थानकांच्या माथ्यावर व्यापारी मजले काढले. हफीझ काँट्रॅक्टर यांनी आरेखलेल्या वाशी स्थानकाच्या इमारतींत कचेऱ्या, पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. खाली लोकल, वर भाड्याचे उत्पन्न. मे १९९२मध्ये पहिली लोकल वाशीला पोहोचली, १९९३मध्ये बेलापूरला, १९९८मध्ये पनवेलला, आणि २००४मध्ये ठाणे-वाशी जोडले गेले. आमच्या दृष्टीने सिडकोच्या कर्तबगारीचे शिखर हे दशक आहे, सुरुवातीची गाजलेली वर्षे नव्हेत. डिसोझा-पटेलांनी मांडलेले गणित इथे पहिल्यांदा पूर्ण ताकदीने चालले, ते मांडणारे तिथे नसताना.

१९९१पर्यंत वीस लाख लोक इथे राहतील असा मूळ अंदाज होता. तो साफ चुकला. रेल्वे आल्यावर मात्र चित्र बदलले आणि २०११च्या जनगणनेत एकट्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांवर वस्ती भरली. ती मुंबईची गर्दी ओतून झाली की राज्यभरातून थेट आलेल्यांची, यावर वाद घालता येईल. मुंबई काही रिकामी झाली नाही.

घरांबद्दल थोडे. सिडकोने नाना तऱ्हांची घरे बांधली आणि त्यांची नावेच तिथल्या बोलीत रुळली: जेएन-वन, जेएन-टू, जागतिक बँकेच्या योजनेतली बीयूडीपी, खारघरची घरकुल आणि स्पॅगेटी, घणसोलीचे घरोंदा. बीयूडीपीत नुसता जोता, न्हाणीघर-संडास आणि एखादी खोली देऊन बाकीचे माणसाने पैसे जमतील तसे वाढवायचे, अशी सोय होती. राज रेवाल यांनी नेरूळमध्ये आखलेली वसाहत अभ्यासक अजून पाहायला येतात. पण सर्वांत बोलकी आहे ती कोरियांची बेलापूरची वसाहत, लोकांच्या तोंडी ‘आर्टिस्ट व्हिलेज’. ते महामंडळ सोडून गेल्यावर ऐंशीच्या दशकात त्यांनी ती आरेखली. साधारण साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबे, म्हणजे उंच इमारतींशिवायही चांगली दाट वस्ती. सात घरे एका अंगणाभोवती. अंगण आठ मीटर चौरस. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरे आणि त्यांचे एक मोठे अंगण, बारा मीटरचे. भूखंड लहानात लहान ४५ चौरस मीटर, मोठ्यात मोठा त्याच्या दुपटीपेक्षाही कमी. उत्पन्नात पाचपट तफावत असली तरी जमिनीच्या तुकड्यात ती दिसू द्यायची नाही, हा त्यामागचा हेतू. आणि कोणत्याच घराची भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा वाढवायचे असेल तेव्हा शेजाऱ्याची परवानगी न मागता तो वाढवू शकतो. लोकांनी वाढवलीही. मूळची उतरती कौलारू छपरे आता शोधावी लागतात. त्यांच्या जागी संगमरवरी जिने आणि तीन मजली बंगले आले. वास्तुकलेचे विद्यार्थी हे पाहून हळहळतात. आम्हाला त्यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही: घर वाढवायची मुभा दिली की माणूस ते आपल्या आवडीनेच वाढवणार. अंगणे मात्र बहुतेक टिकली आहेत, आणि ती टिकावीत हीच आखणीची खरी कसोटी होती.

दुसऱ्या बाजूला वाशीतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींचे स्लॅब कोसळू लागले, रहिवाशांना वर्षानुवर्षे टेकूंच्या आधाराने राहावे लागले आणि वाढीव चटईक्षेत्राच्या पुनर्विकासाची चर्चा अनेक वर्षे गाजली. स्वतः बांधून स्वतः विकणाऱ्या संस्थेला ही नामुष्की टाळता आली असती.

नवी मुंबईबाहेरही सिडकोने हातपाय पसरले. नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नांदेड इथे नवी उपनगरे वसवली, सिंधुदुर्गनगरी आखली, वाळूज आणि वसई-विरारचे नियोजन पाहिले. नाशिककर अजून ‘सिडकोत राहतो’ म्हणतो तेव्हा त्याला महामंडळ अभिप्रेत नसते, आपला भाग अभिप्रेत असतो. संभाजीनगरात एन-एकपासून एन-तेरापर्यंतचे सेक्टर पत्त्यातून जात नाहीत. मध्यमवर्गीय मराठी माणसाला मुंबईबाहेर स्वतःचे पक्के घर हप्त्यांवर मिळाले ते अनेकदा इथेच. ही कामे आटोपशीर होती, वेळेत झाली, स्थानिक महापालिकांकडे गेली, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे नाट्य फारसे नाही.

नवी मुंबईत हे हस्तांतर इतके सुरळीत झाले नाही. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली, २०१६मध्ये पनवेल महापालिका. तेव्हापासून एकाच शहरात दोन धनी. रस्ते-पाणी-कचरा पालिकेकडे, न विकलेली जमीन महामंडळाकडे. मैदानासाठी, दवाखान्यासाठी राखलेला भूखंड कोणाचा, त्यावर घर बांधायचे की झाड लावायचे, यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालतो. जमीन विकून चालणाऱ्या संस्थेला मोकळी जागा म्हणजे न विकलेला माल वाटू लागतो, हा त्या मूळ गणितातला दोष आहे. डिसोझांच्या काळात विकायला खूप होते, म्हणून तो दिसला नाही.

गेल्या काही वर्षांत मोठी कामे एकदम मार्गी लागली. बेलापूर-पेंधर मेट्रोची कोनशिला २०११मध्ये बसली आणि पहिली गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. अकरा किलोमीटरांना बारा वर्षे. उरणला लोकल जानेवारी २०२४मध्ये पोहोचली आणि त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला, म्हणजे बंदराच्या पाण्यावरून शिवडीला जायचा रस्ता अखेर झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. सुमारे ११६० हेक्टरांच्या या जागेसाठी उलव्याची टेकडी उतरवावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि दहा गावठाणे उठवावी लागली. प्रकल्पात सिडकोचा हिस्सा २६ टक्के आहे. इथल्या विस्थापितांसाठी साडेबाराऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा देकार ठरला. हा दहा टक्क्यांचा फरक कोणी मेहेरबानीने दिला नाही, तो १९८४च्या लढ्याचा वारसा आहे; आणि तो लढा लोक विसरलेले नाहीत. विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून जून २०२१मध्ये गावोगावचे लोक रस्त्यावर आले, बेलापूरच्या सिडको भवनावर मोर्चा गेला, आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाने तसा ठराव केला.

सध्या महामंडळाचे लक्ष विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रावर आहे. २०१३मध्ये त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून सिडकोची नेमणूक झाली. इथे जमीन सरसकट संपादित करायची नाही, असे सुरुवातीलाच ठरले. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून नगररचना परियोजना आखायची, रस्ते आणि सुविधांपुरती जागा काढून उरलेली जमीन आखीव भूखंड म्हणून त्यांनाच परत द्यायची, आणि महामंडळाच्या वाट्याला येईल ती विकून रस्ते करायचे. पनवेल तालुक्यातल्या गावांत या योजनांच्या सुनावण्या झाल्या तेव्हा शेतकऱ्यांचे प्रश्न ठरलेले होते: किती जमीन कापणार, भूखंड कुठे देणार आणि रस्ता आधी होणार की भूखंड. पहिल्या दोन प्रश्नांना कागदावर उत्तरे आहेत. तिसऱ्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.